गिअरचा दांडा ढिला झाला म्हणजे गिअरबॉक्स गेला का?

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वाहन प्रदर्शनात माझ्दाने एक छोटी, दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी लोकांपुढे आणली. जगभर ती एमएक्स-५ म्हणून ओळखली गेली, अमेरिकेत मियाटा म्हणून आणि जपानात युनोस रोडस्टर म्हणून. इंजिन १६०० सीसीचे. नुसत्या ताकदीत तिला मागे टाकणाऱ्या गाड्या तेव्हाही पुष्कळ होत्या. तरीही तिने लोकांना वेड लावले ते चालवण्यातल्या सुखाने, आणि त्या सुखात गिअरच्या दांड्याचा वाटा फार मोठा होता. दांडा आखूड आणि त्याची ये-जाही थोडक्यात आटोपणारी. कोपर न हलवता, नुसत्या मनगटाने तो दुसऱ्यातून तिसऱ्यात ढकलला की ‘खट्’ करून बसायचा, आणि बसल्याचे हाताला लगेच कळायचे.

एमएक्स-५ ची ही पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. चार लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातली सर्वांत नवी गाडीही आज पाव शतकाहून जुनी आहे. जुनी स्पोर्ट्स कार हौसेने घेणाऱ्याला म्हणूनच बऱ्याचदा वेगळाच दांडा हाती येतो. न्यूट्रलमध्ये तो डावी-उजवीकडे लोंबकळतो. तिसरा टाकायला जावे तर पाचवा लागतो की काय, अशी धास्ती वाटते. ठराविक वेगाला दांड्याच्या बुडातून बारीक खडखड सुरू होते, आणि उन्हाळ्यात तिथूनच गरम हवेचा झोत पायावर येतो. मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो सर्वांत खर्चिक: गिअरबॉक्स गेला.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. दांडा ढिला होण्यामागे सहसा नायलॉनचा किंवा रबराचा एखादा तुकडा असतो, कधी तेलाची कमतरता, तर कधी सैल झालेला एखादा स्क्रू. हे सगळे गिअरबॉक्स न उतरवता तपासता येते आणि पुष्कळदा घरच्या घरी दुरुस्तही करता येते. मात्र त्यासाठी दांडा ते गिअरबॉक्स हा रस्ता नीट समजून घ्यायला हवा, आणि झीज नेमकी कुठे आहे ते पाना हातात घेण्याआधी ठरवायला हवे.

दांडा करतो काय

मॅन्युअल गिअरच्या गाडीत दांडा दोन कामे करतो. डावी-उजवीकडे हलवला की कोणत्या जोडीतला गिअर हवा ते ठरते: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, की पाचवा आणि रिव्हर्स. पुढे-मागे ढकलला की त्या जोडीतला एक गिअर लागतो. दांड्याच्या खालच्या टोकाची हालचाल गिअरबॉक्समधल्या एका रॉडपर्यंत पोचते. रॉडवर बसवलेला काटा एक कडी सरकवतो आणि ती कडी हवा तो गिअर शाफ्टशी जखडते. रॉड आपल्या जागी टिकून राहावा म्हणून त्याच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली छोटी पोलादी गोळी बसते. हाताला जाणवणारा ‘खट्’ बराचसा या गोळीचा असतो. अनेक गाड्यांत आणखी एक स्प्रिंग असते. ती दांड्याला न्यूट्रलमध्ये मधल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणून ठेवते.

या सगळ्या साखळीत जिथे दोन भाग एकमेकांवर फिरतात, तिथे धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये बुश घातलेला असतो. तो नायलॉनचा असेल, रबराचा असेल किंवा ब्राँझचा. महागडा भाग वाचावा म्हणून आधी बुश झिजावा, अशीच त्याची रचना असते. वीस-तीस वर्षांत गिअरबॉक्सची उष्णता नायलॉनला कडक आणि ठिसूळ करते. तेल लागलेले रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी फाटते.

झीज लहान असली तरी वर ती मोठी दिसते, याचे कारण तरफ. दांडा एका गोळ्यावर टेकलेला असतो आणि हा गोळा म्हणजे तरफेचा टेकू. टेकूच्या वरचा भाग लांब, खालचा आखूड. समजा वरचा भाग खालच्याच्या पाचपट लांब आहे, तर तळाच्या बुशमधली १ मिलिमीटर झीज वरच्या मुठीवर ५ मिलिमीटर होऊन दिसते. त्यात टेकूच्या बुशची झीज आणि पुढच्या सांध्यांची झीज मिळवली की मूठ दोन-तीन सेंटिमीटर सहज डुलू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला आत काहीतरी मोठे तुटले असे वाटते. प्रत्यक्षात तीन ठिकाणची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची झीज वरती एकत्र झालेली असते.

आधी निदान

पहिली तपासणी मुठीची. मूठ दांड्यावर आट्यांनी बसवलेली असते आणि कित्येकदा तीच सैल झालेली असते. दांडा एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने मूठ हलवून पाहावी. दांडा स्थिर आणि मूठच डुलत असेल, तर काम मिनिटभराचे आहे.

मग गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना ओट लावावी. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकावेत. न्यूट्रलमध्ये दांडा एका बाजूला ढकलून सोडावा. ज्या गाडीत मध्यावर आणणारी स्प्रिंग आहे, तिथे तो आपोआप मध्ये यायला हवा. गिअर लागलेला असतानाही दांडा हलवून पाहावा. गिअर पक्का बसला आहे, पण दांडा मात्र अजून बराच पुढे-मागे जातो, असे असेल तर गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ आला आहे आणि तो गिअरबॉक्सच्या बाहेर असण्याची शक्यता अधिक.

हीच चाचणी इंजिन चालू ठेवून पुन्हा करावी. इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केले की अडतात, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, असे असेल तर दांड्याचा काही दोष नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सजवळ क्लचचा छोटा हायड्रॉलिक सिलिंडर असतो. तो गळू लागल्याच्या तक्रारी जुन्या गाड्यांत नेहमीच्या आहेत. अशा वेळी बॉनेट उघडून क्लचच्या तेलाच्या टाकीतली पातळी पाहिली तरी पुष्कळ उलगडा होतो.

एकच गिअर कर्रकर करत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील, तर संशय त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर, म्हणजे गिअर लागण्याआधी वेग जुळवून घेणाऱ्या कडीवर जातो, आणि ते काम गिअरबॉक्सच्या आतलेच. गाडीने वेग घेताना दांडा एकीकडे झुकतो आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर उलट्या बाजूला येतो, असे दिसले तर इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग तपासावीत. गिअर चालता चालता सुटत असेल, तर दोन कारणे संभवतात. आत दाते किंवा गोळीची स्प्रिंग झिजलेली असेल, नाहीतर बाहेरच्या रॉडची जुळणी बिघडल्यामुळे गिअर मुळातच पूर्ण लागत नसेल. दुसरे कारण आधी दूर करावे, कारण ते स्वस्तही आहे आणि हाताशीही.

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची, आणि तिला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून दांडा हळूहळू हलवायचा, दुसऱ्याने खालून किंवा झाकण काढून एकेक सांधा न्याहाळायचा. दांडा हलला, पहिला रॉड हलला, पण पुढचा भाग हलायला वेळ घेतोय, असे जिथे दिसेल तिथे झीज आहे. गाडीखाली जायचे असेल, तर ती मजबूत स्टँडवरच उभी हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही जाऊ नये.

एमएक्स-५: तीस वर्षे विसरलेले तेल

एमएक्स-५ चे काम सोपे आहे, कारण तिची रचना सरळ आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि दांडा थेट गिअरबॉक्सवर. मध्ये लांब रॉड नाहीत, केबल नाहीत. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जोडून ठेवते, त्यामुळे सगळा सांगाडा एकसंध राहतो. या गाडीचा दांडा हाताला इतका स्पष्ट लागतो तो या रचनेमुळे. गिअरबॉक्सची थोडी थरथर मुठीपर्यंत येणार, हेही त्याच रचनेत गृहीत आहे. तेवढ्याला दोष समजू नये.

गोम आहे ती दांडा ज्या उंचवट्यात उतरतो तिथे. गिअरबॉक्सवरच्या या उंचवट्यात तेलाचा स्वतंत्र कप्पा असतो. मुख्य गिअरबॉक्समध्ये सुमारे २ लिटर तेल मावते, तर या कप्प्यात जेमतेम ८० ते ९० मिलिलिटर. दोन्ही तेले वेगळी राहतात. त्यामुळे गॅरेजमध्ये कितीही वेळा गिअरबॉक्सचे तेल बदलले, तरी दांड्याखालचे तेल तसेच राहते. कित्येक गाड्यांत ते कारखान्यातून निघाल्यापासून कोणी पाहिलेलेही नसते. उघडल्यावर आत काळपट चिखल मिळतो, किंवा कप्पा कोरडा निघतो.

कप्प्याच्या तोंडावर दांड्याभोवती रबराचा छोटा बूट असतो आणि त्याच्या वर दुसरा, मोठा. आतला बूट फाटला की तेलाची वाफ आणि शिंतोडे वर येतात, बाहेरचा कचरा आत जातो. दोन्ही फाटले की रस्त्याचा आवाज आणि एक्झॉस्टची उष्णता थेट गाडीच्या आत शिरते. पायावर येणाऱ्या गरम हवेचे मूळ इथे आहे. दांड्याच्या तळाशी नायलॉनचा एक छोटा, टोपीसारखा बुश बसवलेला असतो. तो झिजला किंवा तडकला की दांडा डुलू लागतो. गोळ्यावर दाब ठेवणारी लाटेच्या आकाराची पातळ वॉशर थकली की खडखड सुरू होते.

दुरुस्तीसाठी गाडी थंड होऊ द्यावी, सपाट जागी उभी करून न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक आणि ओट दोन्ही लावावी. दांडा काढल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून अडवता येत नाही, म्हणून हे आवश्यक. मूठ उलटी फिरवून काढावी. मधल्या कन्सोलचे स्क्रू काढून तो उचलावा. तीस वर्षांचे प्लास्टिक थंडीत सहज तडकते, तेव्हा जोर लावण्यापेक्षा कोणता स्क्रू राहिला आहे ते शोधणे चांगले. त्याखाली मोठ्या रबरी बुटाची चौकट चार बोल्टनी धरलेली दिसते. ती निघाली की आतल्या बुटाची कडी तीन बोल्टवर असते. सगळे बोल्ट दहा नंबरच्या पान्याचे. कडी सैल करण्याआधी आजूबाजूची माती आणि चिकट थर कापडाने स्वच्छ पुसून घ्यावा, कारण पुढच्या क्षणी गिअरबॉक्सचा कप्पा उघडा पडणार आहे. त्यात वाळूचा कण किंवा एखादा बोल्ट पडला, तर साधे काम अवघड होऊन बसते.

मग दांडा सरळ वर ओढायचा. नायलॉनचा बुश त्याच्या तळाशी चिकटून येतो, नाहीतर कप्प्यातच राहतो. राहिला तर तो तुकड्यांसकट बाहेर काढलाच पाहिजे. वॉशर आणि कड्या कोणत्या क्रमाने निघाल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सिरिंजला नळी लावून जुने तेल ओढून घ्यावे, कप्पा धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा आणि ७५ डब्ल्यू-९० जातीचे, जीएल-४ दर्जाचे नवे गिअर ऑइल सुमारे ८० ते ९० मिलिलिटर भरावे. जीएल-४ वर भर देण्याचे कारण आहे. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांत जास्त दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची रसायने अधिक प्रमाणात असतात आणि ती पितळेसारख्या पिवळ्या धातूंना मानवतातच असे नाही. जुन्या गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंग अशाच धातूच्या असतात.

नवा बुश, नवी वॉशर आणि नवे बूट बसवून सगळे उलट्या क्रमाने जोडायचे. कन्सोल लावण्याआधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्ससकट, टाकून पाहावेत. मग इंजिन चालू करून तेच करावे. हौशी माणसाला एका दुपारचे काम आहे. दांडा पुन्हा जागच्या जागी बसतो, खडखड थांबते आणि पायावरची गरम हवाही बंद होते. एवढे करून गिअर अडखळत राहिला, तरच गिअरबॉक्सच्या आत पाहण्याचा विषय काढावा.

पोर्श ९११: लांबचा निरोप

सगळ्या स्पोर्ट्स कार इतक्या सरळ नसतात. पोर्श ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, गिअरबॉक्स त्याच्या पुढे, आणि चालक दोन्हींपासून दूर समोर बसलेला. त्यामुळे दांड्याची हालचाल गाडीच्या मधोमध जाणाऱ्या बोगद्यातल्या लांब रॉडने मागे न्यावी लागते. हा रॉड मागच्या बाजूला एका कपलरने गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर टांगलेले, म्हणजे चालत्या गाडीत ते थोडे हलणारच. ती हालचाल दांड्यापर्यंत येऊ नये आणि रॉड अडकू नये, म्हणून कपलरमध्ये लवचिक बुश घातलेले असतात.

९११ चा ढिला दांडा तपासताना पहिली नजर या बुशवर टाकावी. १९७२ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत या गाडीत ९१५ नावाचा गिअरबॉक्स होता. तो सावकाश, समजून गिअर टाकणाऱ्याचा गिअरबॉक्स मानला जातो. त्याच्याविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ मात्र गिअरबॉक्सच्या बाहेर, झिजलेल्या कपलरमध्ये सापडते. बुश कोरडे पडून चुरा होतात. मग दांडा चमच्याने पीठ ढवळल्यासारखा फिरतो आणि पहिला किंवा रिव्हर्स कुठे आहे तेच सापडेनासे होते.

कपलर पाहायला गाडी उचलावीही लागत नाही. मागच्या आसनांच्या मध्ये, बोगद्याच्या टोकाशी, गालिच्याखाली एक छोटे झाकण असते. ते काढून टॉर्च मारला की कपलर समोर दिसतो. तळाशी प्लास्टिकचा भुगा पडलेला असेल, तर निदान तिथेच झाले. एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने पाहावे. पुढचा रॉड वळतो आणि कपलरची मागची बाजू उशिराने वळते, इतके ते स्पष्ट असते.

कपलर दोन ठिकाणी धरलेला असतो. पुढच्या रॉडवर एक क्लॅम्प, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर निमुळत्या टोकाचा एक स्क्रू, जो शाफ्टच्या खाचेत बसतो. हा स्क्रू सैल झाला तर दांडा ढिला होतो, आणि निसटलाच तर एकही गिअर लागत नाही. क्लॅम्प सैल करण्याआधी त्याची आणि रॉडची परस्परांतली जागा रंगाने किंवा ओरखड्याने खूण करून ठेवावी. पुढची सगळी जुळणी या क्लॅम्पवर अवलंबून आहे. रॉड जरा जास्त वळलेला राहिला, तर एका बाजूचे गिअर छान पडतात आणि दुसऱ्या बाजूचे अडतात. रॉड जरा पुढे-मागे राहिला, तर पुढचे गिअर पूर्ण लागतात आणि मागचे अर्धवट.

कपलर बाहेर काढून त्याची पिन दाबून काढायची, जुने बुश काढून नवे घालायचे, पिन परत बसवायची. पिन ठोकून काढताना कपलर वाकडा होऊ शकतो. घरात व्हाइस किंवा प्रेस नसेल, तर एवढे काम जवळच्या वर्कशॉपमधून करून घ्यावे. मग दांड्याच्या बुडाकडे वळावे. तिथे रॉडचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत बसलेला असतो, आणि ती वाटीही तितकीच जुनी असते. मागचे बुश बदलले आणि पुढची वाटी तशीच ठेवली, तर निम्मा ढिलेपणा कायम राहतो.

पोर्शचीच ९१४ ही या बाबतीत आणखी अवघड गाडी. फोक्सवॅगनबरोबर तयार केलेली ही गाडी १९६९ ते १९७६ या काळात बनली. तिचे इंजिन आसनांच्या लगेच मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे होता. म्हणजे रॉडला इंजिन ओलांडून शेपटीपर्यंत जायचे. १९७२ पर्यंतच्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून आत शिरत असे. सांधे वाढले, बुश वाढले आणि त्यांच्याबरोबर झीजही वाढली. १९७३ च्या मॉडेलपासून पोर्शने रॉड गिअरबॉक्सच्या बाजूने आत घेतला आणि दांडा बराच सुधारला. गिअरबॉक्सपर्यंतचा रस्ता सरळ केला की काय फरक पडतो, याचे हे उघड उदाहरण आहे.

केबल आणि जुन्या ब्रिटिश गाड्या

टोयोटाच्या एमआर-२ मध्येही इंजिन चालकाच्या मागे आहे, पण तिथे रॉडऐवजी दोन केबल आहेत. एक गिअरची जोडी निवडते, दुसरी गिअर लावते. केबलच्या गाडीत ढिलेपणा आणि जडपणा वेगळे ओळखावे लागतात. दांडा डुलत असेल तर केबलच्या टोकांचे बुश पाहावेत. दांडा जड जात असेल तर केबलच आत गंजली असण्याचा संभव मोठा. तपासायला केबल गिअरबॉक्सच्या बाजूने सोडवावी आणि दांडा हलवावा. तरीही जड लागला, तर केबल किंवा दांड्याचे बूड बिघडले आहे. हलका झाला, तर दोष गिअरबॉक्सकडे आहे.

ब्रिटनच्या एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्ही गाड्या १९६२ ते १९८० या काळात बनल्या आणि आजही हौशी मंडळींकडे मोठ्या संख्येने आहेत. तिथेही दांड्याच्या तळाशी नायलॉनचा लहानसा तुकडा आणि खडखड थांबवणारी स्प्रिंग शोधावी. एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्यावी. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड, असलेल्या नंतरच्या काही गाड्यांत तिचा स्विच मुठीतच असतो आणि तारा दांड्याच्या आतून जातात. मूठ बेफिकीरपणे फिरवली की तारा तुटतात.

बुश कशाचा घालावा

बाजारात आज जुन्या गाड्यांसाठी मूळ नायलॉनशिवाय डेलरिन या प्लास्टिकचे आणि ब्राँझचेही बुश मिळतात. नायलॉन थोडा ओलावा शोषतो आणि किंचित फुगतो. डेलरिन ओलावा फारच कमी शोषतो, आपला आकार धरून ठेवतो आणि घसरायलाही चांगला. त्यामुळे दांड्याच्या बुडातल्या बुशसाठी तो चांगला पर्याय आहे. ब्राँझ सर्वांत टिकाऊ, पण त्याला ग्रीस लागते आणि तो गिअरबॉक्सची सगळी थरथर वर पोचवतो. जिथे कंपन गिळण्यासाठीच रबर दिले आहे, तिथे कडक बुश घातला तर दांडा नेमका होतो, पण गाडी जास्त आवाज करू लागते. शर्यतीच्या गाडीला तो सौदा परवडतो. रविवारी घरच्यांना घेऊन निघणाऱ्याने कारखान्याच्या रचनेसारखाच बुश घालावा.

याच टप्प्यावर अनेक जण ‘शॉर्ट शिफ्टर’ बसवतात, म्हणजे टेकूची जागा बदलून दांड्याची ये-जा कमी करणारा सुटा संच. त्याचा हिशेब मांडून पाहावा. वरच्या आणि खालच्या भागाचे प्रमाण ५ वरून ४ वर आणले, तर हाताची हालचाल एक पंचमांशाने कमी होते आणि लागणारा जोर एक चतुर्थांशाने वाढतो. ढिलेपणाही एक पंचमांशाने कमी दिसतो, पण झिजलेला बुश झिजलेलाच राहतो. शिवाय जास्त जोराने, जास्त घाईने गिअर ढकलला जातो आणि त्याचा भार सिंक्रो रिंगवर येतो. आधी जुने बुश बदलून गाडी काही दिवस चालवावी. त्यानंतर शॉर्ट शिफ्टरची गरज खरोखर उरते का ते ठरवावे.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्रात जुन्या एमएक्स-५ किंवा ९११ विरळाच. पण या दोन्ही गाड्यांची रचना ज्यांच्यात भेटते, त्या गाड्या गल्लोगल्ली आहेत. मारुती जिप्सीचा दांडा एमएक्स-५ प्रमाणे थेट गिअरबॉक्सवर बसतो आणि त्याच्या बुडात प्लास्टिकची बैठक असते. ती झिजली की दांडा तसाच लोंबकळतो. मारुती ८०० मध्ये दांड्याची हालचाल गाडीखालच्या रॉडने पुढच्या गिअरबॉक्सकडे जाते आणि तिथले बुश पावसा-चिखलात झिजतात. तपासण्याची रीत तीच: आधी मूठ, मग इंजिन बंद आणि चालू ठेवून गिअर, मग एकाने दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने सांधे पाहायचे.

म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्यांना एकच आग्रहाचे सांगणे आहे. दांडा ढिला झाला म्हणून मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला, तर लगेच होकार देऊ नका. दांड्याचे बूड, बुश, कपलर किंवा केबल, क्लच आणि माउंटिंग हे सगळे पाहून झाले का, ते विचारा. हालचाल कुठे हरवते आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. बाहेरचे सगळे सांधे घट्ट असतील आणि तरीही गिअर सुटत असेल किंवा कर्रकर करत असेल, तर गिअरबॉक्स जरूर उघडा. तोवर नवे बुश, योग्य दर्जाचे तेल आणि एका दुपारचा वेळ एवढाच खर्च करा.